घरकामे, मुलांची

कुटुंबातील रोजच्या कामांपैकी काही कामे मुलांचे वय व आवाका पाहून त्यांच्यावर सोपविण्याची रीत. मोबदल्यासाठी दुसऱ्याच्या घरी केलेल्या कामाचा हिच्यात समावेश होत नाही.

वयवार वाटणीला आधार म्हणून ‘लालयेत् पञ्चवर्षाणि’ (पाच वर्षे लाड करावेत) हा संस्कृत श्लोक पुष्कळदा दिला जातो. तो चाणक्यनीती या नावाने चालत आलेल्या संग्रहात आढळतो. परंतु या संग्रहाचा काळ निश्चित नाही, पाठभेद पुष्कळ आहेत आणि त्याचे कर्तृत्व अर्थशास्त्रकार कौटिल्याकडे देणे धाडसाचे ठरेल. शिवाय श्लोकात लाड, ताडन व मैत्री एवढे तीनच टप्पे आहेत, तेही पुत्राचे. कामाचा उल्लेखच नाही. मराठी घरांत ही वाटणी वर्षे मोजून होण्यापेक्षा हात कुठवर पोचतो आणि विळी-विस्तवाजवळ कितपत जाऊ द्यायचे, यावर ठरत आली असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

कामाची पहिली ओळख भातुकलीतून होते. हा शब्द थेट ‘भात’वरून लावण्याकडे कल असतो. जुन्या मराठीत ‘भातुके’ म्हणजे खाऊ. त्याच्याशी संबंध जोडणे अधिक पटते. अर्थात भातुके हाच शब्द भातापासून आला असल्यास वाद उरत नाही. खेळातून खऱ्या कामाकडे जाण्याचा क्रम पंगतीत स्पष्ट दिसतो : आधी पाट मांडणे व पाणी ठेवणे, मग पानात वर मीठ आणि लिंबाची फोड, पुढे डावीकडची चटणी-कोशिंबीर, कढत वरण व आमटी मात्र हात स्थिरावल्यावरच. शेंगा सोलणे, लसूण सोलणे ही बसून करायची कामे त्याआधीची.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे सुरू केलेल्या बालगृहात ओतणे, झाडणे, बटणे लावणे यांना शिक्षणात स्थान मिळाले. ही पद्धती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी भारतीय परिस्थितीत रुजवली. कोसबाड (आता पालघर जिल्हा) परिसरात प्रश्न उलटा होता : मुले कामावरच होती. गुरे राखणाऱ्यांसाठी ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी कुरणशाळा, म्हणजे गुरे चरतात तेथेच भरणाऱ्या शाळा, चालविल्या. धाकटे भावंड कडेवर असलेल्या मुलीला शाळेत येता यावे म्हणून विकासवाडी या त्यांच्या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. मुलींवरचा हा भार कोणत्या वयाला कोणते काम हे सांगणाऱ्या कोष्टकांत सहसा दिसत नाही.

बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना शाळेनंतर वा सुट्टीत कुटुंबाला कामात मदत करता येते. धोकादायक कामे वगळली आहेत. बालमजुरीच्या मोजणीसाठी युनिसेफ ही संयुक्त राष्ट्रांची बालकविषयक संस्था ५ ते १४ वयोगटात आठवड्याला २१ तास किंवा अधिक घरकाम ही बालमजुरी धरते.