शोध-बचाव उड्डाणातील लँडिंग गिअरची पाहणी

हरवलेले विमान, नौका किंवा माणूस शोधण्यासाठी स्वयंसेवक छोट्या विमानांतून उड्डाणे करतात. अशा उड्डाणात विमानाची चाके, ती धरणारे पाय, ब्रेक आणि असल्यास चाके आत ओढणारी यंत्रणा यांतील बिघाड उतरण्याआधी ओळखण्याची ही पद्धत आहे. अमेरिकेतील सिव्हिल एअर पट्रोल (स्थापना १ डिसेंबर १९४१, १९४८ पासून हवाई दलाची सहायक संस्था) आणि कॅनडातील कासारा (नागरी हवाई शोध-बचाव संघटना, १९८६) या तिच्या प्रमुख संस्था होत.

आरंभीच्या नोंदींपैकी बहुधा सर्वांत ठळक जुलै १९४२ मधील आहे. समुद्रात पडलेल्या सहकाऱ्याला उचलण्यासाठी ह्यू शार्प व एडी एडवर्ड्स यांनी सिकोर्स्की एस-३९ हे उभयचर विमान पाण्यावर उतरवले, तेव्हा त्याचा एक फ्लोट, म्हणजे पाण्यावर तोल सांभाळणारा तरंगता भाग, चेपला. विमान कलू नये म्हणून एडवर्ड्स विरुद्ध बाजूच्या पंखावर तासन्‌तास बसून राहिले. १९४३ मध्ये दोघांना एअर मेडल मिळाले.

पट्रोलच्या ताफ्यात मुख्यतः सेस्ना १७२, १८२ व २०६ ही न मिटणाऱ्या चाकांची विमाने आहेत. सेस्नाचा लवचिक पोलादी मुख्य पाय मूळ अमेरिकी वैमानिक व विमान-रचनाकार स्टीव्ह विटमन यांचा. त्याचे हक्क सेस्नाने घेतले आणि १९४६ च्या १२० व १४० या विमानांवर तो वापरला. त्याचा उगम साधारणतः १९३० च्या दशकात, बहुधा उत्तरार्धात, ठेवला जातो. शर्यतीच्या विमानांपेक्षा विटमन यांच्या ‘बटरकप’ या विमानाला श्रेय देणे अधिक सयुक्तिक दिसते. या पायात तेल किंवा हवा नसते, म्हणून तेथील बिघाड बहुधा टायर, ब्रेक व आसापाशी सापडतो. नाकाचा पाय मात्र तेल-हवेचा असतो. नाकावर आपटून उतरल्यास १८२ च्या इंजिनामागील पत्र्याला, म्हणजे फायरवॉलला, सुरकुत्या पडतात. उड्डाणापूर्वी वाकून त्या सुरकुत्या, सैल रिव्हेट आणि पायावरचे लाल हायड्रॉलिक तेलाचे ओघळ पाहावे लागतात.

या विमानांचे पंख खिडक्यांच्या वर असल्याने उडताना मुख्य चाके खिडकीतून दिसतात. मागे बसलेला स्कॅनर, म्हणजे खिडकीतून शोध घेणारा सदस्य, ती सहज पाहू शकतो, पण टायरची हवा गेली असली तरी भार नसल्याने तो हवेत गोलच दिसू शकतो. नाकाचे चाक वैमानिकाला दिसत नाही. मिटणाऱ्या चाकांच्या विमानात तर चाक बाहेर आहे आणि चाक लॉक झाले आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियंत्रण कक्षासमोरून खाली उडत गेल्यावरही तेथून ‘खाली आलेले दिसते’ एवढेच सांगता येते.

दुसऱ्या विमानाने जवळ येऊन पाहणे हा उपाय आकर्षक वाटतो, तरी प्रस्तुत लेखकाच्या मते तो टाळावाच. ४ एप्रिल १९९१ रोजी पेनसिल्व्हेनियात, सिनेटर जॉन हाइन्झ यांच्या विमानात नाकाचे चाक लॉक झाल्याचे दाखवणारा दिवा लागेना म्हणून एक हेलिकॉप्टर पाहणीसाठी जवळ आले आणि दोन्ही धडकली. जमिनीवरील दोन मुलांसह सात जण मृत्यू पावले. त्यापूर्वी, २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न ४०१ या अमेरिकी प्रवासी विमानातील चमू नाकाच्या चाकाच्या अशाच, पण जळालेल्या दिव्यात गुंतला असताना विमान २,००० फुटांवरून नकळत खाली येत फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. १०१ जण दगावले. शोध उड्डाण बहुधा त्याहूनही खाली, सुमारे १,००० फुटांवर चालते. म्हणून चाकाकडे पाहणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा, ही वाटणी आधीच ठरवलेली हवी. शंका येताच शोध थांबवून उंची घ्यावी.

कासाराचे सदस्य स्वतःची विमानेही वापरतात. बर्फाळ प्रदेशात चाकांऐवजी स्की असतात. त्यांना धरून ठेवणारी केबल तुटल्यास स्कीचे टोक खाली झुकते, आणि तेही खिडकीतून दिसते.