पान पिकतं तेव्हा

दिवाळीच्या आधी एखाद्या सकाळी बेळगावहून जांबोटी रस्त्याने निघावं. पिरनवाडी मागे पडली, किणये गेलं, की दोन्ही अंगांना भाताचं शिवार लागतं. पंधरवड्यापूर्वीचं गर्द हिरवं शिवार आता बुडख्याकडच्या पानांपासून पिवळं होत वर चढत असतं. बांधावर कुणालाही विचारा, ‘भात पिकायला आलंय’ असंच सांगतील. वाळायला लागलंय, असं कुणी म्हणणार नाही. मराठीत फळ पिकतं, केस पिकतात आणि पानही पिकतं. पानाचा रंग बदलतो तेव्हा आत काय चालतं, हे सांगायला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला चारी बाजूंनी धरून नत्राचे चार अणू. पण पानातल्या नत्राचा मोठा साठा हरितद्रव्यात नसतो, प्रथिनांत असतो, आणि त्यातली बरीच प्रथिनं हरितद्रव्याला बिलगून असतात. रोपाला तो नत्र दाण्यासाठी परत हवा असतो. प्रथिनं मोडायची तर हरितद्रव्य आधी सुटं करावं लागतं, आणि धोका तिथेच आहे. सुटं झालेलं हरितद्रव्य ऊन शोषतच राहतं. ती ऊर्जा वापरायला कुणी नसतं, मग पेशीला जाळणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात. म्हणून पेशी एकेक पायरीने त्याचा बंदोबस्त करते. मॅग्नेशियम काढून घेते, रेणूचं कडं तोडते आणि उरलेला रंगहीन भाग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, ठेवून देते. मग मोकळ्या झालेल्या प्रथिनांचे तुकडे रसवाहिन्यांतून लोंबीकडे जातात. भाताच्या दाण्यातल्या नत्राचा मोठा वाटा असा पिकत्या पानांकडून आलेला असतो.

हे मोडकाम बिघडलं तर काय होतं, हे आपण शाळेत शिकलो आहोत, फक्त तेव्हा ते कुणी असं सांगितलं नव्हतं. ग्रेगोर मेंडेलने 1866 साली वाटाण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात पिवळे दाणे आणि हिरवे दाणे अशी एक जोडी होती. त्यामागचा जनुक 2007 साली ओळखला गेला. मेंडेलचा हिरवा वाटाणा हिरवा राहतो, कारण त्याला हरितद्रव्य नीट मोडता येत नाही. पिवळा वाटाणा म्हणजे ज्याचं पिकणं सुरळीत पार पडलं तो.

आणि पिवळा रंग कुठून येतो? तो पानात पहिल्यापासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. त्यातलं मुख्य द्रव्य ल्युटीन. दसऱ्याला दाराला जे झेंडूचं तोरण बांधतो, त्या झेंडूचा पिवळेपणाही ल्युटीनचाच. दारावरचा आणि शिवारातला रंग एकच आहे, हे कळल्यापासून मला दसऱ्याचं तोरण वेगळंच दिसतं.

थंड देशांत दिवस झपाट्याने लहान होतात, पाठोपाठ थंडी येते आणि त्या खुणेवर डोंगरच्या डोंगर एकदम रंगतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला सोळाएक अंशांवर राहतो. बेळगावचा सर्वांत लहान दिवसही अकरा तासांहून थोडा मोठाच असतो. इथे झाडांना हुकूम देतं ते मुख्यतः जमिनीतलं पाणी. आणि पाण्याच्या बाबतीत हा जिल्हा म्हणजे दोन टोकं आहेत. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर अथणीकडे सहाशेच्या आसपास. त्यामुळे रंगाची एकच तारीख इथे मिळत नाही. राजहंसगडाच्या उतारावरची कुसळी आणि इतर गवतं पहिली पिकतात, कारण त्यांची मुळं उथळ. कार्तिकात सकाळच्या तिरप्या उन्हात तो अख्खा डोंगर तांबूस सोनेरी दिसतो. माझ्या मते या भागातला तो सर्वांत देखणा आठवडा. झाडांची पाळी नंतर येते.

एका फसवणुकीबद्दल मात्र सावध करतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात खानापूर, नागरगाळीकडचे सागवान लांबून तपकिरी दिसतात आणि पानगळ सुरू झाली असं वाटतं. जवळ जाऊन पान उन्हासमोर धरा. शिरांची नाजूक जाळी तेवढी उरलेली असेल. अळ्यांनी मधला हिरवा गर खरवडून खाल्लेला असतो. ते पिकणं नव्हे.

पौष-माघात कुंभ्याची पानं लाल होतात. शहरातच राहायचं असेल तर देशी बदाम पाहा; तो तर अनेकदा वर्षातून दोनदा लाल होतो. ही लाली पिवळ्यासारखी आधीपासून दडलेली नसते. गळण्याच्या बेतात असलेलं पान खर्च करून अँथोसायनिन नावाचं नवं द्रव्य बनवतं. कोकमाचा लाल रंगही याच कुळातला. जाणाऱ्या पानाने हा खर्च का करावा? एक पटणारं कारण असं की, आतलं मोडकाम चालू असताना कडक उन्हापासून आडोसा लागतो, आणि लाल रंग तो आडोसा देतो. नत्र फांदीत पोहोचेपर्यंत पानाला तग धरायचा असतो. तो पोहोचला, की देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर सुटतो आणि पान पडतं.

आपल्याकडची खरी गंमत त्यानंतर आहे. फाल्गुनात पाऊस तीन महिने लांब असताना इथली झाडं नवी पानं काढतात, आणि ती लाल असतात! आंब्याची तांबूस, पिंपळाची गुलाबीसर, आणि कोशिंबाची तर लालभडक. कोवळ्या पानाची हरितद्रव्याची यंत्रणा अजून उभी राहायची असते, त्यालाही उन्हाचा आडोसा हवाच. म्हणजे पिकत्या पानाची आणि उमलत्या पानाची गरज एकच. आता, पावसाआधीची घाई कशासाठी? मुरली आणि सुकुमार या संशोधकांनी दक्षिणेतल्या मुदुमलाईच्या जंगलात हे मोजलं आणि 1993 मध्ये मांडलं. कोरड्या दिवसांत पानं काढणाऱ्या झाडांचं किडींनी कमी नुकसान केलेलं आढळलं. पावसाबरोबर अळ्या येतात, तोवर ही पानं निबर झालेली असतात.

म्हणून होळीच्या सुमारास तोच जांबोटीचा रस्ता पुन्हा धरा. भाताची शेतं आता नुसती खुंटांची असतील. पुढे जंगलात कोशिंबाखाली थांबा. पायाखाली त्याचीच पिवळी पिकली पानं कुरकुरतात, आणि मान वर केली तर माथा असा लाल की आधी फुलंच वाटतात. एक पान बोटांत धरून पाहा, अजून कापडासारखं मऊ लागतं.