विरल मृत्तिका आंतरधातू संयुगे : चुंबकीय व विद्युत् गुणधर्म

लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५ मूलद्रव्ये, तसेच स्कँडियम व इट्रियम, यांना विरल मृत्तिका धातू म्हणतात. लोह, कोबाल्ट, निकेल, ॲल्युमिनियम यांसारख्या धातूंशी ठराविक अणुप्रमाणात संयोग होऊन त्यांची जी निश्चित स्फटिकरचनेची संयुगे बनतात, ती आंतरधातू संयुगे होत. साध्या मिश्रधातूत अणूंची अदलाबदल चालते; येथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

यांच्या चुंबकत्वाचे मूळ ४एफ या इलेक्ट्रॉन-कक्षेत आहे. ही कक्षा ५एस व ५पी कक्षांच्या आत दडलेली असल्याने शेजारच्या अणूच्या ४एफ कक्षेला ती जवळजवळ भिडतच नाही. मग एका अणूच्या चुंबकीय परिबलाला (अणूच्या इवल्या चुंबकाला) दुसऱ्याची खबर लागते ती संवाहक इलेक्ट्रॉनांमार्फत. रुडरमन, किटेल, कासुया व योसिदा यांच्या नावांनी ओळखली जाणारी ही आंतरक्रिया अंतरानुसार चिन्ह बदलते. म्हणून काही संयुगे लोहचुंबकीय (परिबले एकाच दिशेने), काही प्रतिलोहचुंबकीय (शेजारची परिबले उलटसुलट दिशांनी), तर काहींत परिबलांची मांडणी सर्पिल असते. जे इलेक्ट्रॉन वीज वाहतात तेच हे निरोप पोचवत असल्याने दोन्ही गुणधर्म वेगळे काढून अभ्यासण्यात फारसा अर्थ नाही.

रोधकतेच्या (विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या) आलेखात हे सरळ दिसते. गॅडोलिनियमचा १ व ॲल्युमिनियमचे २ अणू असलेले संयुग सुमारे १७० केल्व्हिनखाली लोहचुंबक बनते. त्या तापमानाच्या वर परिबले अस्ताव्यस्त असतात व वाहत्या इलेक्ट्रॉनांना वाटेत विखुरतात. खाली ती रांगेत येताच रोधकता झपाट्याने उतरू लागते. एर्बियम-कोबाल्टच्या १:२ संयुगात तर सुमारे ३२ केल्व्हिनला ती एकदम कोसळते.

गॅडोलिनियमचा ४एफ इलेक्ट्रॉन-मेघ गोलाकार असल्याने स्फटिकातील सर्व दिशा त्याला जवळपास सारख्याच. समॅरियम व निओडिमियम यांचे मेघ तसे नसतात. स्फटिकक्षेत्र (भोवतालच्या अणूंचे विद्युत् क्षेत्र) त्यांना एका अक्षाशी जखडते आणि त्यामुळेच समॅरियम-कोबाल्ट व निओडिमियम-लोह-बोरॉन हे बलवान कायम चुंबक शक्य झाले. दुसऱ्याचे क्यूरी तापमान (ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते) सुमारे ३१२° से. इतकेच आहे. उष्णतेत टिकाव धरावा म्हणून त्यात डिस्प्रोसियम मिसळतात, पण त्याचे परिबल लोहाच्या विरुद्ध दिशेने बसते व एकूण चुंबकन घटते. ही तडजोड अटळ आहे.

चुंबकत्व अतिसंवाहकतेला (रोधकता शून्य होण्याला) मारक, असा सर्वसाधारण अनुभव. एर्बियम-ऱ्होडियम-बोरॉन (१:४:४) संयुग सुमारे ८.७ केल्व्हिनला अतिसंवाहक होते आणि सुमारे ०.९ केल्व्हिनला लोहचुंबकत्व प्रकटताच पुन्हा साधा धातू बनते. मात्र प्रतिलोहचुंबकत्वाशी जुळवून घेता येते. १९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन प्रणालीत सुमारे १२ केल्व्हिनला अतिसंवाहकता दाखवली. याच कुलातील एर्बियमच्या संयुगात दोन्ही अवस्था एकत्र नांदतात.

सर्वांत चमत्कारिक सिरियम. त्याचा एकमेव ४एफ इलेक्ट्रॉन संवाहक इलेक्ट्रॉनांत इतका गुंततो, की ते शेकडो पट जड असल्यासारखे वागतात. १९७९ मध्ये फ्रांक श्टेग्लिश व सहकाऱ्यांना सिरियम-तांबे-सिलिकॉन (१:२:२) संयुगात सुमारे अर्ध्या केल्व्हिनला अतिसंवाहकता आढळली. सिरियमऐवजी ४एफ इलेक्ट्रॉन नसलेले लँथॅनम घातले, तर ती नाहीशी होते.