पिकअपचे रेक्झिन सीट कव्हर (खानदेश)

पिकअप किंवा छोट्या मालवाहू गाडीच्या आसनांवर चढवायचे, दिसायला कातड्यासारखे पण प्रत्यक्षात प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कापडाचे आवरण. खानदेशात त्याला ‘शीट कव्हर’ किंवा नुसते ‘रेक्झिन’ म्हणतात आणि ते शिवून बसवणाऱ्या कारागिराला ‘कुशनवाला’. दुकानदार हाच माल ‘लेदर कव्हर’ म्हणून विकत असला, तरी पिकअपच्या कव्हरात खऱ्या चामड्याचा अंशही नसतो. त्यात फसवणूक मानण्याचे कारण नाही. शेतमाल वाहणाऱ्या गाडीत खरे चामडे घाम, धूळ आणि उन्हाने लवकर कोरडे पडून तडकले असते. इथे रेक्झिनच योग्य.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पिकअप हे शेत आणि बाजार यांना जोडणारे मुख्य वाहन आहे. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळी, सगळीकडचा कापूस आणि नंदुरबारच्या बाजारात येणारी लाल मिरची असा माल तिच्यातून जातो. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात, त्यामुळे लांबच्या फेऱ्याही याच गाड्या करतात. हंगामात चालक दिवसाचे दहा-बारा तास त्या एका आसनावर काढतो. त्याच्या बसण्याची जागा हा हौसेचा विषय नव्हे. त्याच्या कंबरेचा, पाठीचा आणि पर्यायाने गाडीच्या सुरक्षिततेचा विषय आहे. या नोंदीत बसवणे आणि निगा यांवर अधिक लिहिले आहे ते त्यासाठीच.

साहित्य : ‘रेक्झिन’ हे मूळचे इंग्लंडमधील एका कंपनीच्या मालाचे नाव. ती कंपनी कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन नकली चामडे तयार करत असे. तो माल मागे पडला, नाव मात्र आपल्याकडे राहिले. आज त्या नावाखाली मिळते ते विणलेल्या कापडावर पीव्हीसी या प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड. पीव्हीसी मुळात कडक असते. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळून ते मऊ करण्याची रीत शोधली आणि पुढचे सगळे रेक्झिन त्या रीतीवर उभे राहिले. कव्हरच्या आयुष्याचे गमकही इथेच आहे. मऊपणा देणारे हे द्रव्य उष्णतेने हळूहळू बाहेर पडते. नव्या कव्हरच्या गाडीत पुढच्या काचेला आतून एक धूसर, बोट फिरवले तर चिकट लागणारा थर बसतो. तो बहुतेक या द्रव्याचा असतो. ते जितके निघून जाईल तितके रेक्झिन ताठ होते आणि शेवटी शिवणीजवळ तडकते.

दुसरा प्रकार पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप असलेला. तो हाताला अधिक मऊ लागतो, घड्या चामड्यासारख्या पडतात आणि किंमतही जास्त असते. पण ऊन आणि ओल एकत्र आली की हलक्या प्रतीच्या पीयूचे पापुद्रे सुटू लागतात. पीव्हीसी तडकते, पीयू सोलते. जुन्या कव्हरकडे पाहून ते कोणत्या मालाचे होते हे यावरून ओळखता येते. नापा, आर्ट लेदर अशी नावे दुकानात ऐकू येतात, त्यांवर न जाता तुकडा हातात घ्यावा. घट्ट घडी घालून नखाने दाबावी आणि उघडावी. घडीवर पांढरी रेघ उमटली तर त्यात भरताड, म्हणजे लेपात मिसळलेली स्वस्त भुकटी, जास्त आहे. उलट बाजूचे कापड दोन्ही दिशांनी ताणून पाहावे. एकाच दिशेने ताणले जाणारे कव्हर कोपऱ्यांवर नीट बसत नाही.

खानदेशाचे ऊन : एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास आणि कधी त्याच्याही वर जातो. काचा बंद करून बाजार समितीच्या आवारात दुपारभर उभ्या राहिलेल्या गाडीत काळ्या रेक्झिनवर हात ठेववत नाही. ‘शीट तपी जायेल शे’ म्हणत चालक आधी रुमाल पसरतो, मग बसतो. काळा रंग मळ लपवतो म्हणून त्याला मागणी आहे, पण या मुलखात ती निवड चुकीची आहे असे स्पष्ट लिहायला हवे. राखाडी, बिस्किटी किंवा फिका तपकिरी रंग बसण्याच्या आणि पाठीच्या भागाला घ्यावा, कडांना हवे तर काळे लावावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे मधला पट्टा जाळीच्या कापडाचा किंवा बारीक छिद्रांच्या रेक्झिनचा ठेवणे. सलग रेक्झिनमधून हवा खेळत नाही; घाम तसाच राहतो, पाठीला घामोळे येते. पुष्कळ चालक कव्हरवर बागायतदार रुमाल किंवा लाकडी मण्यांची गादी टाकतात, ती याच त्रासावरची त्यांची स्वतःची तोड आहे.

फर्मा आणि शिलाई : तयार कव्हर गाडीच्या नावाने मिळते आणि अर्ध्या-पाऊण तासात चढते. मापाने शिवलेले कव्हर महाग पडते, पण पिकअपसाठी तेच घ्यावे. कारण चालकाचे आसन आणि शेजारचे दोघांचे आसन यांची मापे वेगळी असतात, आणि गाडी वापरातली असेल तर फोम एका बाजूने दबलेला असतो. जाणता कुशनवाला आधी जुने कव्हर उसवून त्याचा फर्मा, म्हणजे कापण्याचा नमुना, काढतो, खडूने रेघा मारतो, शिवणीसाठी माया, म्हणजे कडेला जास्तीची जागा, सोडतो. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा हवा. सुती दोरा घाम आणि उन्हाने कुजतो आणि रेक्झिन शाबूत असताना कव्हर उसवते. टाके फार बारीक घालू नयेत. कापडात बारीक टाका मजबूत ठरतो, रेक्झिनमध्ये मात्र प्रत्येक टाका हे एक कायमचे भोक असते. जवळजवळ भोके पडली की पोस्टाच्या तिकिटासारखी रेघ तयार होते आणि तिथूनच ते फाटते.

फोमकडे दुर्लक्ष करून वरून नवे कव्हर चढवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. खाली खड्डा पडलेला असेल तर वरचे रेक्झिन तिथे सैल राहते, बसताना-उतरताना घासते आणि वर्षभरात सुरकुत्यांवर फाटते. दबलेल्या जागी फोमचा तुकडा कापून चिकटवावा, त्याच्या कडा उतरत्या कराव्यात. दाराकडची चालकाची कड सर्वांत आधी दबते, कारण दर वेळी उतरताना सगळे वजन तिच्यावरून घसरते. त्या कडेला कव्हरमध्येही आतून दुहेरी पट्टी लावून घ्यावी.

बसवण्याची रीत : सकाळी काम सुरू करण्यापूर्वी कव्हर तासभर उन्हात टाकतात. खानदेशी ऊन इथे मात्र उपकारक ठरते. रेक्झिन सैलावते, घड्या निघतात. हिवाळ्यात हेच काम गरम हवेच्या यंत्राने करावे लागते आणि ते एका जागी धरून ठेवले तर चकाकी जाऊन डाग पडतो. आसन बोल्ट काढून खाली घेता आले तर उत्तम. खालच्या पत्र्यावरची धूळ, नाणी, कापसाचे बोळे झाडून घ्यावेत, गंज असेल तर घासून रंग मारावा. आधी पाठ, मग बैठक. पाठीचे कव्हर वरून पिशवीसारखे ओढतात, मधली शिवण आसनाच्या मध्यावर आणतात आणि दोन्ही हातांनी मधून कडांकडे पुसत नेतात.

बैठकीचे काम दोन माणसांचे असते. एक जण गुडघा रोवून फोम दाबतो, दुसरा खालून कव्हरची कड पक्कडीने ओढून तारेच्या कडीने चौकटीच्या सळईला अडकवतो. गुडघा उचलला की फोम फुगतो आणि रेक्झिन ढोलकीच्या कातड्यासारखे ताठ होते. ‘भाऊ, एकदा बसून पाहा, मग बाकीच्या कड्या मारतो,’ असे म्हणणारा कारागीर विश्वासाचा समजावा. मालक बसल्यावर शिवण मांडीखाली टोचते का, कड गुडघ्याच्या मागे लागते का, हे तेव्हाच कळते. सगळ्या कड्या मारून झाल्यावर कुणी पुन्हा उसवत नाही. कड्यांऐवजी इलॅस्टिक, हूक किंवा चेन असलेली कव्हरे धुण्यासाठी काढता येतात. ज्या गाडीत ओला माल आणि ओली माणसे रोज चढतात, तिथे ही सोय मोलाची आहे. फक्त हूक वायरींना अडकत नाहीत ना, हे आसनाखाली बॅटरी मारून पाहावे.

टाटा एससारख्या गाडीत इंजिन आसनाखाली असते. २००५ मध्ये आलेली ही गाडी आपल्याकडे ‘छोटा हत्ती’ नावाने घरोघरी पोचली. तिच्यात तेल-पाणी पाहायला आसन उचलावे लागते, म्हणून कव्हर बिजागरीत किंवा खटक्यात अडकता कामा नये आणि त्याची सैल झालर खाली लोंबता कामा नये. खालून येणारी इंजिनची धग आणि वरून ऊन यांमुळे या गाड्यांतले रेक्झिन लवकर ताठ होते. इतर पिकअपमध्ये जॅक आणि पाने आसनाच्या खाली किंवा मागे असतील तर तिथे हात पोचेल इतकी वाट ठेवून घ्यावी.

सीट बेल्टची बकले कव्हरखाली गाडली जाणे हा क्षम्य दोष नाही. बाजूने शिवलेल्या कापातून ती वर काढून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेल्ट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा महत्त्वाचे हे, की ज्या गाडीत बकल सापडत नाही तिथे बेल्ट कुणी लावतच नाही. आसनाच्या कडेत एअरबॅग असलेल्या गाडीला सरसकट कव्हर चढवू नये. त्या जागी उकलणारी खास शिवण लागते.

निगा : रोजची निगा म्हणजे ओल्या फडक्याने पुसणे आणि लगेच कोरड्याने टिपणे, इतकीच. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब टाकून मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढावी. शिवणीत साचलेली धूळ काचकागदासारखी दोरा कापते. पाणी ओतून धुऊ नये. ते टाक्यांच्या भोकांतून फोममध्ये उतरते आणि रेक्झिनखाली सुकायला त्याला वाट नसते.

केळीचा चीक हा या भागातला खास शत्रू. घड कापताना निघणारा चीक ताजा असताना पाण्यासारखा दिसतो, म्हणून कुणाचे लक्ष जात नाही. हवा लागली की तो तपकिरी आणि मग काळपट होतो. भरणी करणारी माणसे त्याच कपड्यांनी केबिनमध्ये बसतात आणि दुसऱ्या दिवशी फिक्या कव्हरवर डाग उमटलेला दिसतो. ओला असतानाच साध्या पाण्याने पुसला तर तो पूर्ण जातो. वाळल्यावर साबण आणि ब्रश दोन-तीनदा चालवून फिका होतो, पण शिवणीच्या दोऱ्यात मुरलेला निघत नाही. केळीच्या हंगामात आसनावर जुनी गोधडी किंवा गोणपाट टाकणे हाच खरा उपाय.

या नोंदीच्या लेखकाच्या घरच्या गाडीवर असाच डाग पडला तेव्हा एका सर्व्हिसिंगवाल्याने थिनरचा बोळा फिरवला. डाग गेला, सोबत वरची चकाकी आणि कातड्याचा पोतही गेला. तळहाताएवढी जागा आधी चिकट झाली, मग महिन्याभरात कडक होऊन तडकली. थिनर, पेट्रोल, रॉकेल हे रेक्झिनमधील मऊपणाचे द्रव्यच ओढून घेतात. पीयूच्या लेपाला अल्कोहोलचे सॅनिटायझरही वारंवार लागू देऊ नये. चामड्यासाठी विकले जाणारे क्रीम रेक्झिनवर चोळून उपयोग नाही. प्लॅस्टिकला ते शोषायला छिद्रेच नसतात. डॅशबोर्ड चमकवणारे सिलिकॉनचे पॉलिश बसण्याच्या जागी कधीही मारू नये. आसन निसरडे होते आणि जोरात ब्रेक लागला की चालक पुढे घसरतो.

मिरचीचा रंग तेलात विरघळणारा असल्याने नुसत्या पाण्याने पसरतो. आधी कोरडी भुकटी झटकावी, मग साबण लावावा आणि तो हात डोळ्यांपासून दूर ठेवावा. दसऱ्याला गाडीची पूजा होते तेव्हा हळद-कुंकू आसनावर सांडते. हळदीचा डाग साबणाने पुसून आसन उन्हात ठेवले की दोन-चार दिवसांत आपोआप फिका पडतो, कारण हळदीतला पिवळा रंग उन्हाने विरतो. कुंकवाचे तसे नाही. ते त्याच दिवशी टिपून घ्यावे.

पावसाळ्यात काचेच्या रबरातून गळणारे पाणी आसनाच्या मागच्या फटीत उतरते. कुबट वास हे त्याचे पहिले लक्षण. वासावर अत्तराची बाटली टांगण्याऐवजी कव्हर काढून फोम दोन दिवस हवेशीर सावलीत सुकवावा, नाहीतर बुरशी धरते आणि खालचा पत्रा गंजतो. भाकरीचे तुकडे, शेंगदाणे आसनाच्या फटीत राहिले तर गोदामाजवळ उभ्या गाडीत उंदीर शिरतो आणि फोम कुरतडून घर करतो. उन्हाळ्यात गाडी लावताना काच बोटभर उघडी ठेवणे, पुढच्या काचेला आतून पुठ्ठा लावणे, निंबाची सावली शोधणे, या बिनखर्चाच्या सवयी पॉलिशपेक्षा कव्हर जास्त दिवस टिकवतात.

फाटके कव्हर सहसा फेकले जात नाही. बारीक चीर आतून कापडाची पट्टी आणि रेक्झिनच्या डिंकाने चिकटवतात. वरून चिकटपट्टी लावली तर उन्हात तिचा गोंद वितळून कपड्यांना लागतो. शिवणीजवळचा एकच पट्टा गेला असेल तर कुशनवाला तेवढाच बदलून देतो, म्हणून उरलेले रेक्झिन शिलाईच्या वेळीच मागून ठेवावे. आसनावरून उतरलेल्या कव्हरचे धड तुकडे ट्रॅक्टरच्या बैठकीवर, मोटारसायकलच्या सीटवर किंवा विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टर पेटीवर पावसापासून आडोसा म्हणून बांधलेले दिसतात.