एस्पेरांतोतली शिवी घडते कशी, आणि झोंबत का नाही

मुद्दाम घडवलेल्या भाषेत शिव्या नसणारच, असं पुष्कळांना वाटतं. झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सात एस्पेरांतो प्रसिद्ध केली ती माणसामाणसांत सलोखा व्हावा म्हणून. तरी तिच्या व्याकरणातच तुच्छतेची चोख सोय आहे.

‘आच’ हा प्रत्यय मूळ शब्द आणि शेवटचा स्वर यांच्या मध्ये बसतो. चेवालो म्हणजे घोडा, चेवालाचो म्हणजे मरतुकडं घोडं. स्क्रिबी म्हणजे लिहिणं, स्क्रिबाची म्हणजे गिचमिड खरडणं. ‘फि’ शब्दाच्या आधी लागतो आणि दर्जाऐवजी नीतीवर बोट ठेवतो: होमाचो हा गबाळा, टाकाऊ माणूस, फिहोमो हा नीच माणूस.

शिकाऊ लोक घसरतात ते ‘माल’ या उपसर्गावर. तो वाईट अर्थाचा वाटतो, पण फक्त उलट अर्थ देतो. युना म्हणजे तरुण, मालयुना म्हणजे म्हातारं. यात अपमान काहीच नाही. व्यक्तिवाचक ‘उल’ जोडला की मालयुनुलो, म्हणजे म्हातारा माणूस. त्यापुढे ‘आच’ घातला की मालयुनुलाचो. आपण ‘म्हातारा’चा ‘म्हातारडा’ करतो, अगदी तसंच. मराठीतला हा ‘डा’ मोजक्याच शब्दांना लागतो. ‘आच’ हवेपासून सरकारपर्यंत कशालाही चालतो. ठेच लागल्यावर तोंडातून निघायला ‘फेक!’ आहे, विष्ठेच्या शब्दावरून आलेला.

तरीही शिवी झोंबत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी एस्पेरांतो, ‘स्टार ट्रेक’साठी घडवलेली क्लिंगॉन वगैरे बोलणाऱ्यांचे मेंदूचे स्कॅन काढले. २०२५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की या भाषा समजून घेताना मेंदूतलं नैसर्गिक भाषांचंच जाळं काम करतं. म्हणजे अर्थ नीट पोचतो. पण झोंबणं ही वेगळी गोष्ट. २००३ सालच्या एका प्रयोगात मातृभाषा तुर्की आणि नंतर इंग्रजी शिकलेल्यांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजली. भावना उसळल्या की घाम सुटतो आणि वाहकता वाढते. शिव्या आणि लहानपणीची दटावणी तुर्कीत ऐकताना ती इंग्रजीपेक्षा जास्त वाढली. शब्दातच शक्ती असते, शाप उच्चारला की बाधतो, हा समज इथे टिकत नाही. बाधते ती त्या शब्दाबरोबर लहानपणी बसलेली धास्ती. एस्पेरांतो बहुतेक जण मोठेपणी शिकतात, तिथे ती धास्ती बसायला वावच नसतो.

म्हणून एस्पेरांतोवाल्यांना खरं लागतं ते वेगळंच: चारचौघांत एस्पेरांतो सोडून आपल्या मातृभाषेत बोलणाऱ्याला ‘क्रोकोदिली’, म्हणजे मगरपणा, करतोस म्हणणं. आणि वर्षानुवर्षं शिकूनही अडखळणाऱ्याला ‘एतेर्ना कोमेनत्सांतो’, कायमचा नवशिका.