शटडाउन आणि कर्जमर्यादा: अमेरिकेतली दोन वेगळी भांडणं आणि बाजू बदलणारी तीच माणसं

अमेरिकेच्या राजकारणात दोन मथळे आलटून पालटून येत असतात. एक, 'सरकार बंद पडणार'. दुसरा, 'अमेरिका कर्ज बुडवणार'. दोन्हींत शेवटची तारीख असते, दोन्हींत मध्यरात्रीपर्यंत मतदान चालतं आणि देशाला वेठीला धरल्याचा आरोप दोन्ही बाजू एकमेकांवर करतात. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला हे एकच भांडण वाटतं. २०१३च्या ऑक्टोबरात तर दोन्ही संकटं एकाच वेळी आली आणि एकाच विधेयकाने मिटली, तेव्हापासून हा गोंधळ पक्काच झाला. पण या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ते कळलं नाही, तर कोण तत्त्वासाठी भांडतंय आणि कोण निव्वळ अडवणूक करतंय हेही कळत नाही.

आधी शटडाउन घेऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार काँग्रेसने, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या तिथल्या संसदेने, कायदा करून मंजुरी दिल्याशिवाय खजिन्यातून पैसा काढता येत नाही. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी खर्चाची बारा विधेयकं मंजूर व्हायला हवीत. ती सगळीच्या सगळी वेळेत मंजूर होण्याचा शेवटचा प्रसंग १९९६ सालचा. एरवी जुन्याच पातळीवर खर्च चालू ठेवणारं तात्पुरतं विधेयक आणून वेळ मारून नेली जाते. तेही अडलं की शटडाउन.

हे पूर्वापार असंच चालत आलेलं नाही. १९८० पर्यंत मंजुरीला उशीर झाला तरी कचेऱ्या चालू राहायच्या, कारण पैसे आज ना उद्या मिळणारच असं गृहीत धरलेलं असायचं. १९८० आणि १९८१ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एकोणिसाव्या शतकातल्या एका कायद्याचा कडक अर्थ लावला. मंजुरी नसेल तर काम थांबवा. सवलत फक्त माणसांचा जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणाच्या कामाला. आजचा शटडाउन या कायदेशीर मतातून जन्मला.

त्यात थांबतं ते सगळं सरकार नव्हे. दरवर्षी नव्याने मंजूर करावा लागणारा खर्च एकूण खर्चाच्या साधारण चौथा हिस्सा असतो, आणि फटका त्याला बसतो. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज चालूच राहतं. राष्ट्रीय उद्यानं आणि संग्रहालयं बंद होतात, कर्मचाऱ्यांना घरी बसवलं जातं. विमान वाहतूक नियंत्रक आणि विमानतळावरचे तपासनीस यांना मात्र बिनपगारी कामावर यावं लागतं. मागाहून पगार मिळतो, २०१९ पासून तर कायद्यानेच मिळतो. पण घरभाड्याची तारीख तोवर थांबत नाही.

आता कर्जमर्यादा. सरकारने किती खर्च करायचा हे काँग्रेस ठरवते. कर किती घ्यायचा हेही काँग्रेसच ठरवते. या दोन निर्णयांमधून जी तूट पडते ती भरायला अर्थखात्याला कर्ज काढावं लागतं. आणि त्या कर्जाच्या एकूण आकड्यावर तिसरीच एक मर्यादाही काँग्रेसनेच घालून ठेवली आहे. तिचं मूळ पहिल्या महायुद्धात, १९१७च्या युद्धरोख्यांच्या कायद्यात आहे. प्रत्येक रोख्यासाठी वेगळी परवानगी लागू नये, सरकारचं काम सोपं व्हावं, हा तेव्हाचा हेतू होता. १९३९ मध्ये सगळ्या कर्जाला मिळून ४५ अब्ज डॉलरची एक मर्यादा आली.

ही मर्यादा वाढवल्याने एक डॉलरही जास्त खर्च मंजूर होत नाही, आणि वाढवली नाही म्हणून मंजूर झालेला एकही खर्च रद्द होत नाही. आधीच कायद्याने देणं लागत असलेले पैसे द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न तिथे असतो. 'कर्जमर्यादा वाढवणं म्हणजे सरकारला उधळपट्टीचा परवाना' असं प्रचारसभेत सांगणारा एकतर अडाणी असतो किंवा खोटं बोलत असतो. आणि काँग्रेसमध्ये वर्षानुवर्षं बसलेली माणसं या बाबतीत अडाणी नसतात.

मर्यादा गाठली गेल्यावर काय होतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. सरकारी नोकरांच्या निवृत्तिबचतीत 'जी फंड' नावाचा एक भाग असतो. त्यातला पैसा खास सरकारी रोख्यांत असतो, आणि हे रोखे रोजच्या रोज मुदत संपून रोजच नव्याने घेतले जातात. मर्यादा आडवी आली की अर्थखातं हा पैसा पुन्हा रोख्यांत गुंतवणं थांबवतं. तेवढं कर्ज कागदावर कमी होतं आणि तेवढ्याच रकमेचं नवं कर्ज बाजारातून उचलायला जागा होते. मर्यादा वाढली की कायद्याप्रमाणे मुद्दल आणि बुडालेलं व्याज परत जमा होतं, नोकराचं नुकसान होत नाही. यांना 'असाधारण उपाय' म्हणतात. ते संपण्याचा अंदाजे दिवस अर्थमंत्री जाहीर करतात आणि वर्तमानपत्रं त्याला 'एक्स-डेट' म्हणतात.

त्या दिवसापलीकडे काय आहे हे कुणी पाहिलेलं नाही. शटडाउनमध्ये चौथा हिस्सा अडतो; इथे सगळंच पणाला लागतं. सैनिकांचे पगार, म्हाताऱ्यांचं निवृत्तिवेतन, रुग्णालयांची बिलं, रोख्यांवरचं व्याज, सगळं त्या दिवशी तिजोरीत किती कर जमा झाला यावर अवलंबून राहील. अमेरिकी सरकारी रोखा ही जगातली सर्वात सुरक्षित गुंतवणूक मानून उरलेले व्याजदर ठरतात, म्हणून धक्का तिथेच थांबणारही नाही. नुसतं काठापर्यंत जाण्याचीही किंमत मोजावी लागते. २०११ मध्ये ऐनवेळी तोडगा निघाला, तरी ५ ऑगस्टला स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचं सर्वोच्च मानांकन काढून घेतलं. त्या वर्षात सरकारला कर्जावर १.३ अब्ज डॉलर जास्त मोजावे लागले, असा हिशेब सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेने मांडला.

म्हणून माझ्या मते दोन्हींना एका तराजूत घालणं चूक आहे. पुढच्या वर्षी पैसा कशावर खर्च व्हावा यावरून अडून बसणं महागाचं आहे, पण तो लोकप्रतिनिधींच्या अधिकारातला झगडा आहे. तिजोरीच्या किल्ल्या घटनेने त्यांच्याच हाती दिल्या आहेत. झालेल्या खर्चाचे पैसेच देऊ देणार नाही, याला मात्र कसलंही तत्त्व नाही.

दुटप्पीपणा दोन्हीकडे आहे, पण तो सारखा नाही. शटडाउनमध्ये तो सहज दिसतो. २०१३ मध्ये रिपब्लिकनांनी ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा पैसा तोडण्यासाठी सरकार १६ दिवस बंद पाडलं. डेमोक्रॅट तेव्हा म्हणत होते, आधी कोणतीही अट न घालता खर्च मंजूर करा, मग बोलू. २०२५ मध्ये तोच कायदा पुन्हा मधोमध आला आणि बाजू उलटल्या. विम्याच्या वाढीव अनुदानाला मुदतवाढ मिळावी म्हणून डेमोक्रॅटांनी सिनेटमध्ये विधेयक रोखलं, आणि 'आधी अट न घालता मंजूर करा' हे रिपब्लिकन म्हणू लागले. तो शटडाउन १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असा ४३ दिवस चालला, तोवरचा सर्वात लांब. अनुदान मिळालं नाहीच. त्याआधीचा विक्रम ३५ दिवसांचा होता, २०१८-१९चा. सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवेत म्हणून ट्रम्प यांनी तो ओढवून घेतला. सीमेच्या सुरक्षेसाठी सरकार बंद पाडण्याचा मला अभिमानच वाटेल, असं ते कॅमेऱ्यांसमोर डेमोक्रॅट नेते शूमर आणि पेलोसी यांना म्हणाले होते. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाच्या हिशेबाने त्या बंदने अर्थव्यवस्थेचे ११ अब्ज डॉलर गेले. त्यांतले ३ अब्ज कधीच भरून येणारे नव्हते. भिंतीचे पैसे तेव्हाही मिळाले नाहीत.

२०१३च्या बंदमधला एक प्रसंग मला विसरता येत नाही. वॉशिंग्टनमधलं दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे, त्यामुळे तेही बंद होतं. म्हातारे माजी सैनिक ते बघायला लांबून आले होते. टेक्सासचे रिपब्लिकन प्रतिनिधी रँडी न्यूगेबॉवर तिथे पोचले आणि कॅमेऱ्यांसमोर फाटकावरच्या रेंजर बाईंना फैलावर घेऊ लागले: लोकांना आत सोडायला नाही म्हणताना तुम्हाला काही वाटत नाही का? हे कठीण जातंय, असं त्या म्हणाल्या. उद्यान विभागाला लाज वाटायला हवी, असं न्यूगेबॉवर म्हणाले. त्या बाई त्या दिवशी बिनपगारी उभ्या होत्या, आणि त्यांचा पगार ज्या मतदानाने अडला त्यात या गृहस्थांचा पक्ष होता. शेजारी उभ्या असलेल्या एका सरकारी नोकराने त्यांना तिथेच सुनावलं. खर्च रोखण्याचं श्रेय हवं, पण त्याने बंद झालेल्या फाटकाची जबाबदारी नको, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसतं.

कर्जमर्यादेचा इतिहास आणखी बोलका आहे. धाकट्या बुश यांच्या आठ वर्षांत ती सात वेळा वाढवली गेली. २००६च्या मार्चमध्ये सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी ती वाढली, आणि एकाही डेमोक्रॅटने बाजूने मत दिलं नाही. विरोधात मत देणाऱ्यांत बराक ओबामा आणि जो बायडन होते. मर्यादा वाढवावी लागणं हे नेतृत्वाचं अपयश आहे, असं ओबामांचं तेव्हाचं भाषण होतं. पुढे अध्यक्ष म्हणून तीच मर्यादा वाढवायची वेळ आल्यावर ते मत राजकीय होतं, चूक होती, असं त्यांनी कबूल केलं.

मात्र इथे एक फरक करायलाच हवा. २००६ मध्ये विधेयक मंजूर होणार हे मत देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते मत ढोंगी होतं, पण देश कड्यावर गेला नव्हता. १९९५, २०११, २०१३ आणि २०२३ मध्ये मर्यादा खरोखर अडवून धरली गेली, आणि चारही वेळा चित्र तेच होतं: अध्यक्ष डेमोक्रॅट, अडवणारे प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत २०१९ मध्ये प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांच्या हाती होतं, तरी मर्यादा फारसा गाजावाजा न होता स्थगित झाली. 'दोघेही सारखेच' म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण या एका बाबतीत ते खरं नाही.

खर्चाच्या बाबतीतही कसोटी सोपी आहे: स्वतःचा अध्यक्ष असताना काय केलं? २०११ मध्ये रिपब्लिकनांनी कर्जमर्यादेच्या बदल्यात खर्चावर वर्षावर्षाच्या मर्यादा मिळवल्या. त्या नंतर दोन्ही पक्षांनी मिळून सैल केल्या, आणि २०१८च्या फेब्रुवारीत तर दोन्ही सभागृहं आणि अध्यक्षपद हाती असताना रिपब्लिकनांनीच त्या भरघोस वाढवल्या. केंटकीचे सिनेटर रँड पॉल यांनी त्या रात्री विधेयक अडवून धरलं आणि सरकार काही तास बंद पडलं. ओबामांच्या तुटीवर टीका करत मी निवडून आलो, आता माझाच पक्ष तेवढीच तूट मंजूर करतोय, असं ते बोलले. वार्षिक तूट २०१६ मध्ये ५८५ अब्ज डॉलर होती, ती २०१९ मध्ये ९८४ अब्ज झाली. महामारी अजून यायची होती. पॉल यांची बरीच मतं मला मान्य नाहीत, पण २०२५ मध्ये स्वतःच्या पक्षाच्या कर आणि खर्चाच्या मोठ्या विधेयकाला त्यांनी कर्जमर्यादेच्या वाढीवरूनच विरोध केला, हे त्यांच्या खाती जमा करायला हवं.

डेमोक्रॅटांनाही तूट आठवते ती विरोधात बसल्यावर. २०२१ मध्ये १.९ लाख कोटी डॉलरचं मदत विधेयक त्यांनी जवळपास पूर्ण कर्जावर काढलं. २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या त्याच मोठ्या विधेयकाने दहा वर्षांत ३.४ लाख कोटींची तूट वाढेल, हा अंदाजपत्रक कार्यालयाचा आकडा त्यांच्या तोंडी बसला. तेच सिनेटमधल्या ६० मतांच्या अटीचं: तिथे बहुतेक विधेयकं पुढे सरकायला शंभरातली ६० मतं लागतात, त्यामुळे अल्पमतातला पक्षही ती रोखू शकतो. २०२२च्या जानेवारीत ही अट मतदानविषयक विधेयकासाठी बाजूला सारायला बहुतेक सगळे डेमोक्रॅट तयार होते. २०२५ मध्ये त्याच अटीच्या आधाराने त्यांनी खर्चाचं विधेयक रोखलं. उलटपक्षी, २०२१ मध्ये सिनेटमधले रिपब्लिकन नेते मॅककॉनेल यांनी हीच अट वापरून कर्जमर्यादा अडवली होती, आणि मर्यादा वाढायलाच हवी पण ती डेमोक्रॅटांनी एकट्याने वाढवावी, असं उघड सांगितलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

यातून सुटायची वाट अनेकदा समोर आली. प्रतिनिधिगृहात १९७९ मध्ये गेपहार्ट नियम आला: अंदाजपत्रकाचा ठराव मंजूर झाला की कर्जमर्यादेची वाढही त्या सभागृहात मंजूर झाली असं मानायचं. खर्चाला हो म्हटलंत तर कर्जालाही हो, इतकं सरळ. हा नियम २००१ मध्ये गेला. २००३ मध्ये रिपब्लिकन बहुमताने तो परत आणला; अध्यक्ष बुश होते. २०११ मध्ये रिपब्लिकन बहुमतानेच काढून टाकला. अध्यक्ष ओबामा होते. २०१९ मध्ये डेमोक्रॅटांनी परत आणला आणि २०२३ मध्ये रिपब्लिकनांनी पुन्हा काढला. नियमातलं एक अक्षरही वाईट ठरलं नव्हतं, बदललं होतं ते फक्त व्हाइट हाउसमधलं माणूस किंवा सभागृहातलं बहुमत.

मर्यादाच कायमची रद्द करण्याची संधी डेमोक्रॅटांना २०२१ आणि २०२२ मध्ये होती, दोन्ही सभागृहं त्यांच्याकडे होती. बायडन यांनी तसं करणं बेजबाबदारपणाचं ठरेल असं म्हटलं, आणि काही महिन्यांतच प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती मॅकार्थी यांच्यापुढे त्यांना वाटाघाटीला बसावं लागलं. २०२५च्या जूनमध्ये ट्रम्प यांनी ती रद्दच करावी असं जाहीर केलं, आणि या एका मुद्द्यावर आपलं डेमोक्रॅट सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांच्याशी एकमत असल्याचं सांगितलं. पण ४ जुलैला त्यांनी सही केली ती मर्यादा ५ लाख कोटी डॉलरने वाढवणाऱ्या कायद्यावर. ती आता ४१.१ लाख कोटींवर आहे, रद्द झालेली नाही, आणि तो आकडा गाठला जाईल तेव्हा जो पक्ष विरोधात असेल त्याच्या हाती ती तशीच तयार मिळणार आहे.