पुण्याचं ऊन आणि गॉलचा घाम

एप्रिलमध्ये सकाळी सिंहगडाचा घाट चढून गेलेल्या सायकलस्वाराची पाठ पाहा. काळ्या जर्सीवर पांढरे पट्टे उमटलेले असतात. घाम उडून गेला, मीठ मागे राहिलं. हाच सायकलस्वार सुट्टीत श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, गॉल-मिरिसाच्या रस्त्यावर उतरला की जर्सी वाळतच नाही. पारा ३१-३२ अंशांवर, म्हणजे पुण्यातल्या दुपारपेक्षा कमीच. पण कोपरावरून थेंब हँडलवर टपकत राहतात. आणि टपकलेला घाम शरीराला जवळजवळ काहीच गारवा देत नाही. गारवा मिळतो तो घामाची वाफ होताना.

स्नायू जाळतात त्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. १५० वॅटचा जोर लावणाऱ्याच्या अंगात साधारण ५०० वॅट उष्णता तयार होत असते. ती घामावाटे बाहेर टाकायची तर तासाला पाऊण लिटर घामाची वाफ व्हायला हवी. पुण्याच्या कोरड्या हवेत हे सहज होतं, दमट हवेत होत नाही. म्हणून ‘आम्ही पुण्याचा उन्हाळा काढलाय’ एवढ्या भरवशावर किनाऱ्यावर जाऊ नये.

तरीही ती सवय फुकट जात नाही. रोज तास-दीड तास उन्हात घाम गाळला तर ७ ते १४ दिवसांत शरीर बदलतं. आधी रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी असतं. प्रवासाआधीचे दोन आठवडे यासाठीच राखून ठेवावेत.

गटात चालवण्याचा एक पेच आहे. पुढच्याच्या मागे राहिलं की वारा कापावा लागत नाही, मेहनत वाचते. पण अंगावर वाराही कमी येतो. सपाटीवर हा सौदा परवडतो. चढावर वेग इतका कमी असतो की मागे चिकटून राहण्याचा फायदा उरत नाही, नुसता वारा अडतो. तिथे अंतर सोडून चालवावं.

महागड्या हॉटेलात उतरून कसलं सायकलिंग, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. गाढ झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि दमट रात्री ते उतरत नाही. दिवसा उन्हात मिळवलेली सवय रात्री एसीत झोपल्याने पुसली जात नाही. उलट दुसऱ्या दिवशीचे पाय ताजे राहतात. नुकसान करते ती हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठची बिअर. तिने लघवी वाढते आणि झोप मोडते.

पाणी किती प्यावं? राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. पिण्याचा हिशेब धरून एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. लिटरभर घामात सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, माणसागणिक कमीजास्त. घामापेक्षा जास्त नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. श्रीलंकेत थंबिली म्हणजे केशरी शहाळं जागोजागी मिळतं. ते जरूर प्यावं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. सोबत मीठ-साखरेचं लिंबू सरबत हवंच.

एखादा सोबती असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, अंग तापलं, तर तो थकवा समजू नका. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांपुढे जातं आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका. हॉटेल जवळ असेल तर डोकं पाण्याबाहेर धरून त्याला बर्फ घातलेल्या टबात मानेपर्यंत बसवा. रस्त्यावर असाल तर सपोर्ट गाडीतलं सगळं बर्फ-पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. आधी थंड करणं, मग दवाखान्यात नेणं, हाच क्रम.